तिसरा हिस्सा कमी

१

वर्कशॉपचा दिवस झाडूने सुरू व्हायचा, मग चहाने, आणि मग पोपटच्या तोंडाने. ते एकदा सुरू झालं की संध्याकाळी शटर पडेपर्यंत बंद होत नसे. नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. त्या सोमवारी त्याने दारातूनच हाळी दिली, "इंजिनिअर, आजीबाई आल्यात हो! तुमच्याच नावाने विचारत आल्यात."

इंजिनिअर म्हणजे ती. कॉलेजातून पदवी घेऊन, खुर्चीची नोकरी नाकारून जुन्या गाड्या दुरुस्त करायला आली, म्हणून मालकांनी पहिल्याच दिवशी हे नाव ठेवलं होतं. तेव्हा त्यात टोमणा होता. चार वर्षांत टोमणा झिजला, नाव उरलं. आणि आजीबाई म्हणजे गडद हिरव्या रंगाची, वर्कशॉपातल्या कुणाही माणसापेक्षा वयाने मोठी असलेली एक लांबलचक मोटार. ती एका निवृत्त हेडबाईंची होती.

आजीबाईत एक खुबी होती. समोरच्या फळीवर पेट्रोलचा काटा होता, आणि त्याच्याखाली एक छोटं काळं बटण. ते दाबलं की तोच काटा पेट्रोल सोडून इंजिनातलं तेल किती आहे ते दाखवायचा. बॉनेट उघडा, तेल मोजायची काडी ओढा, फडक्याला पुसा, हात काळे करा, हे काही नको. बटण सोडलं की काटा परत पेट्रोलवर.

हेडबाईंनी चिठ्ठी पाठवली होती. अक्षर फळ्यावरच्यासारखं ठसठशीत: 'पेट्रोल बरोबर दाखवतो. तेल पूर्ण असूनही कमी दाखवतो. तिसऱ्यांदा पाठवत आहे. या वेळी पोपटाने नव्हे, इंजिनिअरने बघावे.'

"दोनदा बघितलं मी," पोपट म्हणाला. "काही दोष नाही. बाईंच्या डोक्यात दोष आहे. पण ते वर्कशॉपात खोलता येत नाही."

ती हसली नाही. दोन वर्षं तिने या गाडीला हात लावला नव्हता. आजीबाई आली की तिला नेमकं दुसरं काम निघायचं. पोपटला वाटायचं, तिला ही गाडी आवडत नाही. तिने तसं वाटू दिलं होतं.

आज सुटका नव्हती. तिने गाडी सपाट फरशीवर घेतली, तेल खाली उतरावं म्हणून अर्धा तास थांबली, मग काडी ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. तेल वरच्या खुणेला टेकलेलं होतं. स्वच्छ, मधाच्या रंगाचं. मग ती आत बसली. सीटचं जुनं चामडं कुरकुरलं. तिने चावी फिरवून बटण दाबलं.

टिक्. काटा हलला, निम्म्याच्या पुढे गेला आणि थांबला.

पूर्ण भरल्याच्या खुणेला तो पोचला नव्हता. तिसरा हिस्सा कमी होता. निम्मं नाही, पाव नाही. बरोबर तिसरा हिस्सा.

कुणी बघतंय का, म्हणून तिने आधी आरशात पाहिलं आणि मगच बटण सोडलं.

२

दोष शोधायची एक रीत असते. ती रीत तिला फार आवडायची, कारण तिच्यात मताला जागा नसते. तोच काटा पेट्रोल बरोबर दाखवतो, म्हणजे काटा ठीक. त्याला मिळणारी वीज ठीक. मग दोष खाली असणार: बटणात, वायरीत, किंवा इंजिनाच्या तळाशी तेलावर तरंगणाऱ्या फ्लोटमध्ये.

"पोपट, बटण दाबून बस. मी खाली जाते. मी विचारलं की काटा कुठे आहे तेवढंच सांगायचं. बाकी प्रवचन नको."

ती गाडीखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरली. डोक्यावर गाडीचं काळं पोट. तिने फ्लोटची वायर काढली.

"आता?"

"शून्य."

वायरीचं टोक तिने गाडीच्या लोखंडाला टेकवलं.

"आता?"

"फुल्ल! पार पलीकडे."

वायर परत जोडली. "आता?"

"भरलेलं. खुणेवर टेकलंय, हो."

म्हणजे सगळं ठीक होतं. पुस्तकात लिहिलंय तसंच. ती वर आली, खिडकीतून आत वाकली. पोपटचं बोट अजून बटणावर होतं.

काटा तिसरा हिस्सा कमी दाखवत होता.

"हे भरलेलं आहे?"

"मग काय उपाशी आहे?" पोपट म्हणाला. "नीट बघा की. तिरकं बघितलं तर तिरकंच दिसणार."

तिने त्याला खाली पाठवलं आणि स्वतः बटण दाबून बसली. "काढ वायर." काटा हलला नाही. "काढलीस?" "हातात आहे की!" "लोखंडाला टेकव." काटा हलला नाही. टेकवली म्हणून तो खालून दोनदा ओरडला, तिसऱ्यांदा त्याने वायरीचं टोक लोखंडावर घासून ठिणग्यांचा आवाजसुद्धा ऐकवला. काटा तिथेच. शेवटी तिने चावीच काढून घेतली. आता काट्याला वीज नव्हती, काहीच नव्हतं.

काटा तिथेच होता.

तिने बटणावरचं बोट उचललं. तेव्हा कुठे तो खाली आला. सावकाश, जणू बराच वेळ वर धरून अवघडलेला हात कुणी खाली घ्यावा तसा.

तिने मोबाईलवर काट्याचा फोटो काढून पोपटला दाखवला. "हे किती?" "भरलेलं." तिला फोटोतही कमीच दिसत होतं.

"चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय तुमचं," पोपट हसत म्हणाला. तो असलं काहीही, कशावरही म्हणायचा. "जेवून घ्या आधी. उपाशी डोळ्यांना सगळंच कमी दिसतं."

ती तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ तिथेच थांबली.

३

दोन वर्षांपूर्वी वर्कशॉपात एक नियम झाला होता. तो तिनेच आणला होता. इथलं काम तिला ढिसाळ वाटायचं. जो तेल ओतायचा तोच काडी बघायचा, आणि जे बघायचं असतं तेच त्याला दिसायचं. तिने मालकांशी वाद घातला, पोपटची चेष्टा सोसली आणि नियम करवून घेतला: ओतणारा वेगळा, बघणारा वेगळा. ओतणाऱ्याने बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूने गोल काढायचा. बघणाऱ्याने काडी बघून त्या गोलात टिकली द्यायची. टिकली दिली की जबाबदारी त्याची.

"कुंकू लावूनच सासरी पाठवायच्या गाड्या," पोपट म्हणाला होता. पण मिस्त्रीकाकांनी तिची बाजू घेतली. काका तिथले सगळ्यात जुने कारागीर. ते म्हणाले होते, "पोरगी बरोबर बोलते. माणसाने दुसऱ्याच्या डोळ्यालाही थोडा मान द्यावा."

नियम होऊन महिना झाला असेल. आजीबाईचं तेल बदलायचं होतं. तिला तीन डबे लागायचे. इंजिनिअरने दोन ओतले आणि घड्याळ पाहिलं. तिला जुन्या कॉलेजात भाषणाला जायचं होतं. विषय होता 'कामातला प्रामाणिकपणा', आणि तिला उशीर झाला होता. तिने गोल काढला. काकांनी विचारलं, "ओतलंस ना पूर्ण?" ती हात पुसत म्हणाली, "भरलेलं आहे काका, तुम्ही टिकली द्या." आणि पळाली.

ते खोटं नव्हतं. तिला खरंच वाटलं होतं की तीन झाले. भाषण छान झालं. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी आजीबाई डोंगराच्या चढावर इंजिन जाम होऊन उभी राहिली. बातमी यायच्या अर्धा तास आधी तिला बाकाखाली तिसरा डबा दिसला होता, सीलबंद. फोन करून गाडी थांबवता आली असती. तिने डबा उचलला आणि फळीवर बाकीच्या डब्यांत नेऊन ठेवला. लेबल पुढे येईल असा फिरवूनसुद्धा ठेवला.

मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, "मी काडी बघितली होती. भरलेली होती." कुणाचा विश्वास बसला नाही. आणि तिला मनातून हायसं वाटलं. म्हणजे काकांनी न बघताच टिकली दिली होती, आणि आता ते खोटं बोलत होते. तेही खोटे, मीही खोटी. फिट्टंफाट. नियम बघणाऱ्याला धरत होता. काकांनी आपली पान्यांची पेटी उचलली आणि ते गेले. जाताना तिला म्हणाले, "नियम चांगला आहे, तो मोडू देऊ नकोस."

तो अजून चालू होता. रोज दहा-बारा गाड्यांवर गोल निघायचे आणि टिकल्या पडायच्या.

४

गुरुवारी हेडबाई स्वतः आल्या. बुटक्या, ताठ, हातात छत्री. "काय गं, झाला का अभ्यास?"

तिने चार दिवसांत फ्लोट काढून पाण्याच्या भांड्यात तपासला होता, वायर नवी घातली होती, बटण खोलून साफ केलं होतं. चालकाच्या जागेवर हेडबाई बसल्या, शेजारी ती. पोपट पलीकडे कुठल्याशा गाडीखाली गाणं गुणगुणत होता.

हेडबाईंनी बटण दाबलं. "हे बघ. कमी."

"हो. तुम्हालाही कमीच दिसतं," ती बोलून गेली.

"तुम्हालाही?" चाळीस वर्षं वर्गातली कुजबुज पकडलेले कान होते ते. "तुलाही म्हणजे? बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना भरलेलं दिसतं."

हेडबाईंनी बटण दाबलेलंच ठेवलं. त्या समोर बघत बोलायला लागल्या, त्यांच्या नेहमीच्या आवाजात नाही.

"त्या दिवशी मी निघताना बटण दाबलं होतं. तेव्हाही असंच दिसलं. वर डोंगरावरच्या शाळेत माझा निरोपाचा कार्यक्रम होता. परत फिरले असते तर तास गेला असता. म्हटलं, बॉनेटला यांची खूण आहे ना? मग यांची जबाबदारी. निघाले. आणि इंजिन गेल्यावर इथे येऊन तुझ्या मालकांना सांगितलं, तो म्हातारा इथे राहिला तर मी गाडी आणणार नाही." त्यांनी चष्मा काढला. "खरं बोला म्हणून किती पोरांच्या हातावर पट्ट्या ओढल्या असतील मी. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुला का सांगितलं, देव जाणे."

आता तिची पाळी होती. आता बोलायचं होतं, 'बाई, डबा माझ्याकडून राहिला.' चारच शब्द होते. ते तिच्या तोंडात तयार होते. तिने गिळले.

"होतं असं," ती म्हणाली. अगदी पोक्तपणे म्हणाली. नंतर तिला सगळ्यात जास्त लाज या वाक्याची वाटली.

हेडबाईंनी नाक पुसलं, चष्मा घातला. आणि एकदम सरळ झाल्या. "अगं! भरलं की!" त्यांनी बटण सोडलं, दाबलं, परत सोडलं, परत दाबलं. "बघ, बघ! खुणेवर आलाय! काय केलंस तू?" त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या. छत्री विसरून निघाल्या, परत आल्या, पोपटलासुद्धा शाबासकी देऊन गेल्या. शनिवारी दुपारी गाडी नेते म्हणाल्या.

ती आत एकटी बसून राहिली. तिला काटा होता तिथेच दिसत होता. तिसरा हिस्सा कमी.

मग ती खाली उतरली आणि तिने काडी ओढली. चार दिवस काडी तरी खरं बोलत होती. आता काडीवरही तेल खुणेपर्यंत नव्हतं.

५

शुक्रवारी तिने एका पांढऱ्या गाडीचं तेल बदललं. काडी कमी दाखवत होती म्हणून अजून एक डबा ओतला. तरी कमी, म्हणून अजून एक. बघणारा पोपट होता, पण तो चहाला गेला होता, आणि मालकांनी गाडी अंगणात घेण्यासाठी सुरू केली. सायलेन्सरमधून निळा धूर असा उसळला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

"डोळे फुटले काय गं?" मालक ओरडले. "डोक्यावरून ओतलंयस!"

"नवा नियम," पोपट म्हणाला. "ओतणाऱ्याने ओतायचं आणि बघणाऱ्याने पोहायचं." सगळे हसले. तीही हसली.

घरी आईने जेवायला हाक मारली. ती पाणी भरून घ्यायला उठली.

"अगं, सांडतंय! किती भरशील?"

तिच्या पायांवर गार पाणी पडलं तेव्हा तिला कळलं. पेल्यात तिला बोटभर जागा दिसत होती. पाणी त्या जागेवरून, काहीच नसलेल्या जागेवरून, काठाबाहेर वाहत होतं.

"चष्मा लागला असेल," आई फडकं टाकत म्हणाली. "उद्या सकाळी आधी डोळे दाखव, मग तुझ्या त्या भंगारात जा."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. तिने शेवटची ओळ वाचली, खाली बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. "उत्तम," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या टेबलावरच्या शाईच्या बाटलीकडे तिने बघायचं टाळलं.

बाहेर पायरीवर उभं राहून तिने विचार केला. शिस्तीत, वायर शोधतात तसा. हेडबाईंना कमी दिसत होतं. हेडबाईंनी सांगितलं. हेडबाईंना भरलेलं दिसायला लागलं. म्हणजे सांगितलं की सुटतं. एवढं सोपं होतं, आणि ते योग्यही होतं. काकांचं नाव परत मिळेल. आज शनिवार, दुपारी गाडी जाणार. त्याआधी सगळ्यांसमोर बोलायचं.

त्या विचाराच्या मागून आणखी एक विचार निघाला होता. हेडबाईंनी सांगितलं ते कुणाला, आणि त्याच दिवशी काडीवरही तेल कमी दिसायला लागलं ते कुणाला. ती भराभर चालायला लागली. तो विचार तिने मागेच राहू दिला.

६

काका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. जिन्यात शिलाई मशीनची घरघर होती. दार काकूंनी उघडलं. आत काका जमिनीवर बसून निरनिराळ्या मापांचे स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत टाकत होते. बोटांनी चाचपून, न बघता.

"या, इंजिनिअर!" ते मनापासून खूश झाले. "अगं, चहा टाक. पोरगी बघ किती वाळली."

वर्कशॉपचं सगळं त्यांनी विचारलं. पोपटचं लग्न ठरलं का, मालकांची पाठ कशी आहे, नियम चालू आहे का. तिच्याविषयी मनात काही होतं असं एका शब्दातही जाणवलं नाही. तेच जड जात होतं.

"तुम्ही काम का सोडलं सगळंच?" तिने विचारलं. "दुसरीकडे कुठेही घेतलं असतं तुम्हाला."

"घेतलं असतं. पण धाकधूक बसली. तीन डॉक्टर केले. तिघेही म्हणतात डोळे ठणठणीत." काकांनी एक स्क्रू उजेडात धरला. "मी त्या दिवशी काडी बघितली होती, पोरी. दोनदा. वरच्या खुणेला तेल. अजून डोळ्यांसमोर आहे. मग मी ठरवलं, वाटेत कुठेतरी गळलं असणार. बाईंनी दगडावर आदळली असेल गाडी. मी बघितलं तेव्हा होतं, नंतर गेलं. असं धरलं की मग बरं वाटतं."

"तेवढं धरलंय म्हणून झोप लागते यांना," काकू ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या.

म्हणजे काका खोटं बोलले नव्हते. त्यांनी न बघता टिकली दिली नव्हती. ते वाकले होते, त्यांनी काडी ओढली होती, पुसली होती, दोनदा बघितली होती, आणि तेल नव्हतं तिथे त्यांना तेल दिसलं होतं. कारण ती म्हणाली होती, भरलेलं आहे.

परत फिरता आलं असतं. चहा पिऊन उठता आलं असतं. या माणसाला झोप लागत होती. पण तिला समोरच्या कपात चहा कमी दिसत होता, काकूंनी तो काठोकाठ भरून दिला होता, बशीत सांडलाही होता, आणि तिला हे आयुष्यभर नको होतं. ती खरं बोलायला आली होती म्हणून नव्हे, नको होतं म्हणून बोलली.

"काका, मी दोनच डबे ओतले होते. तिसरा बाकाखाली राहिला. दुसऱ्या दिवशी सापडला. मी गुपचूप फळीवर ठेवून दिला."

खालची मशीन थांबली. पुन्हा सुरू झाली.

तिने वाट पाहिली. त्यांनी ओरडावं, उठून कानाखाली द्यावी. काकूंच्या हातातला चमचा तसाच राहिला होता. काका मात्र तिच्याकडे बघतच नव्हते. ते स्वतःच्या हाताकडे बघत होते, जणू त्यात अजून ती काडी होती.

"दोनच?"

"दोनच."

"मग," ते हळू म्हणाले, "मी काय बघितलं होतं?"

७

दुपारी वर्कशॉपात सगळे होते. मालक, पोपट, तिच्याबरोबर आलेले काका, आणि गाडी न्यायला आलेल्या हेडबाई, छत्री टेकून. तिने सगळ्यांसमोर सांगितलं. डबा, बाक, फळी, लेबल फिरवून ठेवलं तेही. आवाज थरथरला नाही. इतकी वर्षं भाषणं केली होती, ती सवय इथे कामी आली, आणि त्याचीही तिला किळस आली.

"दोन वर्षं?" मालक म्हणाले. "दोन वर्षं तू माझ्यासमोर बसून डबा खात होतीस?" मग ते काकांकडे वळले. "मिस्त्री, सोमवारपासून... म्हणजे, आजपासून. मी तुमच्या पाया पडतो हवं तर."

हेडबाई जमिनीकडे बघत होत्या.

काकांचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. ते आजीबाईचं दार उघडून आत बसले, पँटला हात पुसले आणि समोर वाकले. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

टिक्.

काटा उठला, निम्म्याच्या पुढे गेला, त्याच्याही पुढे गेला आणि खुणेवर जाऊन टेकला. भरलेलं. खणखणीत भरलेलं. सहा दिवसांत पहिल्यांदा. तिच्या छातीवरून काहीतरी उठलं, तिला ओरडावंसं, हसावंसं वाटलं. सुटलं! वळून तिने बाकावरच्या पोपटच्या पेल्याकडे पाहिलं. काठापर्यंत पाणी. होतं तेवढं.

"कमी आहे," काका आतून म्हणाले.

ती वळली.

"तिसरा हिस्सा कमी आहे, पोरी. हे बघ." त्यांचं बोट बटणावर पांढरं पडलं होतं. आवाजात तक्रार नव्हती. कामाचा आवाज होता, पूर्वीचा. "असंच होतं तर त्या दिवशी. आणि मला दिसलं नाही."

ते उतरले. नीट, पावलं मोजल्यासारखे फळीपाशी गेले, एक डबा उचलला, नरसाळं उचललं, बॉनेट उघडलं. मधल्या दोन वर्षांत कुठे गेलेच नव्हते असे.

"काका, नका. भरलेलं आहे."

शब्द तोंडातून गेले, आणि मग तिने ते ऐकले. काकांनीही ऐकले. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. परक्या माणसाने वाट सांगितली की आपण मान डोलावतो आणि पुढे जाऊन दुसऱ्या कुणाला तरी विचारतो, तशी त्यांनी मान डोलावली. आणि डब्याचं सील तोडलं.

"थांबा, थांबा," मालक पुढे झाले. "एवढं काय त्यात? पोपट, काडी बघ. तू ओतलेलं नाहीस, तू बघ."

पोपट आला. काडी ओढली, पुसली, घातली, ओढली. उजेडाकडे धरली. परत पुसली. परत घातली. काका नरसाळ्यावर डबा तिरपा धरून थांबले होते. तेलाचा पहिला थेंब तोंडाशी येऊन लोंबत होता.

"बोल की रे," मालक म्हणाले. "भरलंय की कमी?"

पोपटने काडी तिसऱ्यांदा वर धरली. आणि मग इंजिनिअरच्या लक्षात आलं की तो काडीकडे बघतच नाही. तो आधी काकांकडे बघत होता, मग तिच्याकडे, मग परत काकांकडे, आणि काय दिसायला हवं ते कुणीतरी सांगेल म्हणून थांबला होता.